मोटार चालू, वॉल्व्ह बंद

संपादकांचा फोन आला, ‘यंदा अंकाचा विषय वीज.’ मी म्हटलं, शरीरात बसवलेल्या विजेवर लिहितो. ते म्हणाले, ‘पेसमेकर? त्यावर दरवर्षी कुणीतरी लिहितंच.’ मी म्हटलं, ‘हृदय नाही. लघवी.’ पलीकडे दोन क्षण शांतता. मग, ‘अहो, दिवाळी अंक आहे. लोक चकली खाता खाता वाचतात.’

चकली खाणारा माणूस दिवसातून सहा-सात वेळा उठतो, दार लावतो, मोकळा होतो, हात धुतो आणि विसरून जातो. या विसरण्यातलं सुख ज्यांच्या हातून गेलं, त्यांच्यापैकी काहींसाठी लंडनमध्ये एक यंत्र घडवलं गेलं. पाठीत ते बसवायचं, बाहेरून बटण दाबायचं आणि लघवी करायची. यंत्राची गोष्ट चक्रावून टाकणारी आहे. पण तिची सुरुवात मला लंडनहून करायची नव्हती. जिथे शेतातल्या मोटारीसाठीही लाइटची वाट पाहत बसावं लागतं, तिथून ती कशी दिसते, ते पाहायचं होतं. म्हणून सौंसरच्या बसमध्ये बसलो.

सावनेरचा फाटा

नागपूरहून निघालं की सावनेरला रस्ता फुटतो. उजव्या हाताचा सौंसरवरून छिंदवाड्याला जातो, डाव्या हाताचा पांढुर्ण्यावरून मुलताई-बैतूलकडे. थोडं पुढे गेलं की राज्य बदलतं. पाट्या हिंदी होतात, बोलणं मराठीच राहतं. दोन्ही रस्त्यांना संत्र्याच्या बागांची सोबत आहे. १९५६ पर्यंत इथली राजधानी नागपूरच होती. राज्यांची फेररचना झाली, कचेरी भोपाळला गेली आणि दवाखाना नागपुरातच राहिला. २०२३ मध्ये सौंसरसह पांढुर्ण्याचा वेगळा जिल्हा झाला, पण मोठं दुखणं आलं की गाडी अजूनही दक्षिणेकडेच वळते.

पांढुर्णा म्हटलं की बाहेरच्या माणसाला एकच गोष्ट आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा लावतात आणि पांढुर्णा-सावरगाव असे दोन काठ एकमेकांवर गोटे मारतात. गोटमार. त्या दिवशी कॅमेरे असतात, पोलीस असतात, पट्ट्या बांधायला डॉक्टर असतात. डोकी फुटतात आणि फुटलेली दिसतात.

मी ज्या जखमेच्या शोधात होतो, तिच्यातून रक्त येत नाही आणि तिचा दिवसही ठरलेला नसतो. झाडावरून, छतावरून किंवा विहिरीत पडणं आणि रस्त्यावरचे अपघात, आपल्याकडे पाठीचा कणा मोडतो तो बहुतेक यांनीच. पाय गेल्याचं गावाला दिसतं. लघवी गेल्याचं फक्त घराला माहीत असतं.

वहीची मागची पानं

सौंसरपासून काही कोसांवरचं घर. अंगणात रिकामे क्रेट रचलेले. घरधनी तिशीतला. नाव-गाव लिहायचं नाही, एवढ्या अटीवर बोलायला तयार झाला. ओसरीवर लोखंडी पलंग, शेजारी व्हीलचेअर, उशाशी मोबाइल.

“आंबे उतरवत होतो जी. फांदी मोडली. खाली पडलो तं दुखलंच नाही. मनलं, वाचलो. उठाले गेलो, तं पायच नाही.”

छातीच्या दहाव्या मणक्याशी मज्जारज्जू चेचला होता. पहिल्या दिवसांत मूत्राशय पार मुकं झालं. जखमेच्या खालचा मज्जारज्जू काही दिवस किंवा आठवडे असा गप्प बसतो. पोट तट्ट फुगलं, तेव्हा कायमची नळी घातली आणि पिशवी पलंगाला बांधली. पिशवीचे सहा महिने गेले. नळीत गाळ साचायचा, थंडी वाजून ताप यायचा. मग पिशवी निघाली आणि दुसरंच सुरू झालं. मूत्राशय जागं झालं होतं, पण त्याच्यावर मालकाचा हुकूम चालेना. लघवी आपल्या मर्जीनं यायची, थोडीच यायची आणि आत बरीच तुंबून राहायची.

“पाहुणे आले की मी झोपल्याचं सोंग घेत होतो. वास येते म्हणून पाणीच पेनं सोडलं. दिवसभरात दोन गिलास. त्यानं अजून बिघडलं.”

त्याची आई मध्येच म्हणाली, “जामसावळीलेही नेलं होतं बापू.” जामसावळीचा निजलेला हनुमान या भागाचा मोठा आधार. असाध्य दुखण्याची माणसं तिथे येऊन राहतात. आईच्या बोलण्यात कुणाबद्दल तक्रार नव्हती. जिथे जिथे जाता येतं, तिथे तिथे ती जाऊन आली होती.

त्यानं उशाखालून वही काढली. पुढच्या पानांवर संत्र्यांचा हिशेब होता, किती क्रेट, काय भाव, कुणाकडे किती बाकी. वही उलटी केली तर मागच्या पानांवर दुसरा हिशेब. सकाळी सहा, ३८०. दहा, ३००. दोन, ४२०. हे मिलिलिटर. एका प्लॅस्टिकच्या बाटलीवर त्यानं ब्लेडनं रेघा मारून माप केलं होतं.

ही बाटली आणि ही वही पुढे येतीलच. त्याआधी बिघाड नेमका काय आहे ते पाहू.

पंप आणि त्याचे दोन मालक

मूत्राशय ही स्नायूची पिशवी. निरोगी माणसाच्या पिशवीत चारशे-पाचशे मिलिलिटर सहज मावतं. तिला काम दोनच, बराच वेळ मुकाट्यानं साठवणं आणि थोडक्या वेळात झटकन रिकामं होणं. रिकामं होताना दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात. पिशवीनं आवळायचं आणि तोंडाशी असलेल्या झडपेच्या स्नायूनं सैल व्हायचं. दोघांच्या तारा पाठीच्या अगदी तळातून, त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या मज्जामुळांतून निघतात. पण दोघांचा मेळ तिथे बसत नाही. तो बसतो वर, मेंदूच्या देठात. बॅरिंग्टन नावाच्या इंग्रज डॉक्टरानं १९२५ मध्ये मांजरांवर प्रयोग करून ती जागा दाखवली.

वरचा आणि खालचा रस्ता मधे तुटला की खालची मंडळी स्वतःच्या अकलेनं वागू लागतात. पिशवी भरली की आवळते आणि तिच्या आवळण्यानंच झडपही आवळते. मी हे समजावून सांगत होतो, तर त्यानं मला मधेच थांबवलं.

“म्हणजे मोटार चालू अन् वॉल्व्ह बंद. आमच्या विहिरीवर झालं होतं एकदा. पाइपाचा जॉइंटच उडाला.”

याहून नेमकं मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. फरक एवढाच की शरीरात जॉइंट उडत नाही, दाब मागे सरकतो. मूत्रनलिका फुगतात, मग मूत्रपिंडं. महिनोन् महिने दुखत नाही, कळत नाही. पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले सैनिक बहुतांशी वाचत नसत, त्यांना नेणारे शत्रू दोन होते, पाठीवरचे बिछान्याचे व्रण आणि लघवीतला जंतुसंसर्ग. १९४४ मध्ये लुडविग गुटमान यांनी इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिलला कणा मोडलेल्यांसाठी विभाग उघडला. व्हीलचेअरवरचे खेळ तिथे सुरू झाले, त्यांतून पॅरालिम्पिक उभं राहिलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले आपले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले, ते याच खेळांत. टाळ्या खेळांना मिळाल्या. पण माणूस मैदानापर्यंत जिवंत पोचावा म्हणून मागे कुणीतरी त्याची लघवी रोज मोजत होतं.

गिरणी आणि दिवा

विजेनं मूत्राशय हलवायची कल्पना जुनी. १८७८ मध्ये डेन्मार्कच्या सॅक्स्टॉर्फनं मूत्रमार्गातून तार आत घालून वीज देऊन पाहिली होती. विसाव्या शतकाच्या मध्यात लोकांनी मूत्राशयाच्या भिंतीवरच विजेची टोकं शिवली. पण पिशवी सतत फुगते-आक्रसते, त्यात तारा टिकेनात. वीज आजूबाजूला पसरे, कळा येत. कुणी थेट मज्जारज्जूत टोकं रोवली. तिथे पिशवीबरोबर झडपही आवळली जाई. पुन्हा तेच, मोटार चालू, वॉल्व्ह बंद.

मग जाइल्स ब्रिंडली नावाचा माणूस या कामात पडला. हा शरीरशास्त्रज्ञ म्हणजे अचाट प्राणी. १९६८ मध्ये त्यानं आणि शल्यविशारद वॉल्पोल लेविन यांनी एका अंध स्त्रीच्या मेंदूवर विजेची ८० टोकं बसवून तिला प्रकाशाचे ठिपके दाखवले होते. फावल्या वेळात तो वाद्यं बनवायचा. त्यानं ठरवलं, पिशवीला हात लावायचा नाही, तिच्या तारेला लावायचा. त्रिकास्थीच्या मज्जामुळांना. पुढची मुळं हुकूम खाली नेतात, मागची मुळं संवेदना वर आणतात. पुढच्यांना वीज द्यायची. आधी बबून माकडांवर, मग सत्तरच्या दशकात माणसांवर.

अडचण ठरलेलीच. त्याच मुळांत पिशवीचीही तार आहे आणि झडपेचीही. एक बटण दाबलं की दोन्ही आवळणार. ब्रिंडलीनं यातून वाट काढली ती तारा वेगळ्या न करता, वेळ साधून.

ती समजायला पिठाच्या गिरणीत जावं. समजा, गिरणी आणि वरचा दिवा एकाच बटणावर आहेत. बटण बंद केलं की दिवा क्षणात विझतो, पण जातं फिरत राहतं, पीठ पडत राहतं. झडपेचा स्नायू हातापायाच्या स्नायूंच्या जातीचा, म्हणजे दिव्यासारखा. वीज गेली की लगेच ढिला. पिशवीचा स्नायू आतड्याच्या जातीचा, म्हणजे गिरणीसारखा. हळू आवळतो, हळू सुटतो. तेव्हा काही सेकंद वीज द्यायची आणि काही सेकंद थांबायचं. वीज चालू असताना दोघंही आवळलेले, काहीच येत नाही. वीज थांबली की झडप सुटते, पिशवीचा जोर मात्र अजून टिकून असतो. लघवी होते ती त्या थांब्यात. पुन्हा वीज, पुन्हा थांबा. झोक्याझोक्यानं पिशवी जवळजवळ कोरडी होते.

यंत्राची घडण जुन्या कारागिराला शोभेल अशी. सिलिकॉनचा एक ठोकळा, त्यात पुस्तकाच्या पानांसारख्या खाचा. केसांच्या बटांसारखी मज्जामुळं या खाचांत अलगद ठेवायची, वर झाकण. तिथून निघालेल्या तारा त्वचेखाली ठेवलेल्या एका चकतीपर्यंत आणायच्या. आत बॅटरी नाही. रुग्णानं हातातल्या डबीची चकती कातडीवर धरायची आणि बटण दाबायचं. कातडीआडून रेडिओलहरींनी वीज आत जाते. पहिल्या ११ रुग्णांची हकीकत ब्रिंडली आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये छापली. १९९४ पर्यंत ५०० रुग्णांचा हिशेब आला, आणि त्यांतले बहुसंख्य लघवीसाठी हे यंत्र नेमानं वापरत होते. फाइनटेक-ब्रिंडली या नावानं ते युरोपात रुजलं. अमेरिकेनं १९९८ मध्ये मान्यता दिली, पण तिथे त्याचं बाजारात फारसं बस्तान बसलं नाही.

काय कापावं लागतं

इथवर ऐकून तो पलंगावर सावरून बसला. “मग मले बसन का?”

कागदावर पाहिलं तर तो उमेदवार आहे. त्याची जखम वर आहे, खालची तार शाबूत आहे. पण जमाखर्चाची दुसरी बाजूही त्याला सांगावी लागली. पिशवी अवेळी आवळू नये म्हणून बहुतेक ठिकाणी याच शस्त्रक्रियेत मागची संवेदनेची मुळं कापून टाकतात. त्यानं गळणं थांबतं, पिशवीत जास्त मावतं, आतला दाब उतरतो. पण त्या भागाची उरलीसुरली जाणीव जाते. पुरुषाला आपोआप येणारी ताठरताही जाते. कापलेलं परत जोडता येत नाही. म्हणून कणा पूर्ण तुटलेल्यांनाच हे सुचवतात, आणि तेही नीट विचार करायला लावून.

त्यानं आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. बायको चहा करत होती. “विचार करा लागन,” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सावनेरच्या फाट्याची दुसरी वाट धरली. पांढुर्ण्याकडच्या एका गावात चाळिशीची एक बाई भेटली. दुचाकीवर मागे बसली होती, पदर चाकात गेला. तिचा कणा मोडला कमरेशी, मज्जारज्जू जिथे संपतो आणि पुढे नुसत्या मुळांचा झुबका उरतो तिथे. तिची पिशवी आवळतच नाही. भरते आणि काठोकाठ झाली की सांडते. तिच्या बाबतीत मोटारीची वायरच जळाली आहे. ब्रिंडलीचं यंत्र शाबूत वायरीतून वीज पाठवतं, त्यामुळे ते तिच्या उपयोगाचं नाही. लोक दोघांनाही ‘कमरेतून गेलेली’ म्हणतात. दोन फाटे दोन दिशांना जातात, हे कुणी सांगितलेलं नसतं. ते कळतं युरोडायनॅमिक तपासणीत, पिशवी भरताना आणि रिकामी होताना आतला दाब मोजला तर.

तिच्या भाच्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, नितंबात डबी बसवून लघवीचा त्रास गेल्याचा. ते यंत्र वेगळं. सॅन फ्रान्सिस्कोच्या टनागो आणि श्मिट यांच्या कामातून ते आलं, अमेरिकेत १९९७ पासून वापरात आहे आणि आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत बसवतात. त्रिकास्थीच्या तिसऱ्या छिद्रातून एक बारीक तार आत सोडतात आणि डबी तिच्यातून मंद वीज अखंड पाठवत राहते. ते लघवी करवत नाही. मज्जातंतूंची आपसातली बोलाचाली ताळ्यावर आणतं. आधी काही दिवस तात्पुरती तार घालून पाहतात, निम्म्याहून अधिक फरक पडला तरच कायमची डबी. ज्यांचा मेंदू ते मूत्राशय रस्ता जागेवर आहे पण झडप सुटायचंच विसरली आहे, अशांना, त्यातही काही तरुण स्त्रियांना, त्यानं खरोखर मोकळं केलं आहे. पूर्ण तुटलेल्या कण्यावर मात्र त्याचा भरवसा देता येत नाही. भाच्यानं मोबाइल खिशात टाकला. बाई हसून म्हणाली, “मी याले कवाचीच सांगून राह्यली, माझं माझ्याजवळ हाय.”

साबण, आरसा, नळी

तिचं तिच्याजवळ होतं ते उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं. एक स्टीलचा डबा, त्यात दोन बारीक नळ्या, साबणाची वडी आणि हातात मावेल एवढा आरसा. स्त्रीला मूत्रमार्गाचं तोंड दिसत नाही, म्हणून शिकताना आरसा लागतो. नागपूरला एका नर्सनं तिला तीन दिवस समोर बसून शिकवलं. पहिल्या दिवशी लाजेनं हात उचलला नाही. तिसऱ्या दिवशी जमलं. आता आरसा लागत नाही, पण डब्यात असतोच.

ही नळी कायमची नव्हे. हात साबणानं धुवायचे, नळी घालायची, पिशवी रिकामी करायची, नळी काढायची, धुऊन ठेवायची. दिवसातून चार ते सहा वेळा. एका वेळी पाचशेच्या वर साठू द्यायचं नाही. म्हणून बाटलीवरच्या रेघा, म्हणून वही.

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये हे मांडलं तेव्हा डॉक्टर चमकले होते. तोवर नळी घालणं म्हणजे निर्जंतुक हातमोजे, निर्जंतुक कापड, डॉक्टर किंवा नर्स. लॅपिडिस म्हणाले, जंतू आत जाण्यापेक्षा पिशवी ताणलेली राहणं अधिक घातक. ताणलेल्या भिंतीला रक्त कमी मिळतं आणि तिथेच जंतू रुजतात. वेळेवर रिकामी करा, स्वच्छ हात पुरेत, आणि रुग्णाला स्वतः करू द्या. जगभर मूत्रपिंडं वाचवण्यात या साध्या नळीचा वाटा कुठल्याही यंत्राहून मोठा आहे. साधी नळी तालुक्याच्या मेडिकल दुकानात मिळते.

मिळत नाही तो शिकवणारा माणूस. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, पुण्याजवळ खडकीला जखमी सैनिकांसाठीचं केंद्र १९७४ पासून. इथून दोन्ही एका रात्रीच्या प्रवासापलीकडे. सौंसरच्या त्या तरुणाला पडल्यानंतर तब्बल दीड वर्षानं कळलं की असं काही असतं. कुणाकडून? नागपूरच्या एका दवाखान्याबाहेर, व्हीलचेअरवर बसलेल्या दुसऱ्या रुग्णाकडून. त्यातला पिशवी निघाल्यानंतरचा सगळा काळ त्यानं दोन ग्लास पाण्यावर काढला होता.

आणि शिकल्यावरही जागा लागते. व्हीलचेअर संडासाच्या दारात मावत नाही, म्हणून हे सगळं पलंगावर, चादरीआड. लग्नात, बाजारात, बसमध्ये काय करायचं? बाई म्हणाली, लग्नाला जायच्या आधी मोकळी होते, चार तासांच्या आत घरी येते. “पंगत अर्धी टाकून येते. पण जाते.”

लाइट आली

परतताना पुन्हा सौंसरच्या घरी थांबलो. संध्याकाळ होत होती. त्यानं आदल्या दिवसाचं डोक्यात घोळवलेलं दिसलं.

“भाऊ, त्या मशिनीत तार तुटली तं?”

तुटते, मी म्हटलं. कधी तार तुटते, कधी आतली चकती बिघडते. मग पुन्हा पाठ उघडून दुरुस्ती.

“कोन करन? आमच्या विहिरीची मोटार जळली तं सौंसरले नेतो. रिवायंडिंगवाला हाय. याचा रिवायंडिंगवाला कुठं हाय?”

मला ब्रिंडलीचा थांबा आठवला. लघवी होते ती वीज थांबल्यावर. पण त्या थांब्याला अर्थ येतो तो आधी-नंतर सगळं जागेवर असलं तर. बसवणारा, तपासणारा, तार तुटल्यावर धावून येणारा. या माणसाला यंत्र परवडेल की नाही, हा प्रश्न पुढचा. त्याला दीड वर्ष ही साधी नळीसुद्धा पोचली नव्हती.

इतक्यात पिवळा बल्ब लागला. शेतावर लाइट आली. लांबून मोटारीचा घरघराट सुरू झाला. धाकटा भाऊ टॉर्च घेऊन बागेकडे पळाला, पाणी कुठल्या वाफ्यात गेलं ते पाहायला. त्याच सुमाराला उशाशी मोबाइलचा गजर वाजला. सहा.

बायकोनं साबण आणि तांब्या आणून ठेवला आणि चादर ओढून घेतली. मी अंगणात क्रेटवर जाऊन बसलो. त्याची दुसरीतली पोरगी आधीच तिथे होती, मांडीवर वही उलटी धरून, पेन्सिलीचं टोक जिभेनं ओलं करत.

आतून आवाज आला, “तीनशे नव्वद.”

“ओलं?” पोरीनं विचारलं. तो वहीतला शेवटचा रकाना होता.

“नाही.”

तिनं ३९० लिहिलं, पुढे एक ठळक शून्य काढलं, आणि वही सुलट करून संत्र्याच्या हिशेबाच्या बाजूनं वर ठेवली.